काळ्या मातीतलं घर: पायात किती सिमेंट पुरायचं?

परभणीचा_मास्तर (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, नमस्कार. मी परभणीत शाळेवर शिक्षक आहे. गावाबाहेर, पूर्वी जिथं कापूस-तूर व्हायची अशा एनए झालेल्या जमिनीत ३० बाय ४० चा प्लॉट घेतलाय. खाली-वर असं दोन मजली घर बांधायचंय. सोळा कॉलम आहेत.

गुत्तेदार म्हणतोय, "काळी जमीन आहे, पायलिंगशिवाय भागणार नाही." प्रत्येक कॉलमखाली ४५० मिलिमीटर व्यासाची, ३० फूट खोल एक पाइल (जमिनीत भोक पाडून ओतलेला काँक्रीटचा खांब), आणि दर रनिंग फुटावर. म्हणजे एकूण ४८० फूट. माती तपासलीत का विचारलं, तर म्हणाला, "ह्या पट्ट्यात सगळीकडं असंच करतात."

पैशाचा घोर आहेच, पण माझं दुखणं त्याच्या आधीचं आहे. थोरल्या भावानं बारा वर्षांपूर्वी ह्याच भागात घर बांधलं. चार फुटांवर फुटिंग (कॉलमखालचा रुंद, उथळ पाया) टाकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, ती आता स्लॅबपर्यंत गेलीय. पावसाळ्यात मिटते, मार्च आला की उघडते. गेल्या महिन्यात अंगणातल्या भेगेत मी १२ एमएमची सळई सोडून बघितली. चार फुटांच्या वर सहज गेली.

म्हणून पाया कच्चा नको हे पटतं. पण वर्गात मुलांना सिमेंटनं हवेत किती कार्बन जातो ते शिकवायचं, आणि स्वतःच्या घराखाली न मोजता पोत्यावर पोती ओतायची, हे मनाला लागलंय. खरंच किती लागतं, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

मुरूम_ते_खडक (सोमवार, रात्री ११:०५)

मास्तर, विचारलंत हे फार बरं केलंत. मी संभाजीनगरला भू-तांत्रिक सल्लागार म्हणून काम करते. लोक पाया झाल्यावर, भेगा पडल्यावर आमच्याकडं येतात. आधी येणारे थोडे.

पहिल्यांदा तुमच्या गुत्तेदाराचा हिशोब मांडू. ४५० मिमी व्यास, ३० फूट खोली म्हणजे एका पाइलला साधारण १.४५ घनमीटर काँक्रीट. सोळांचं झालं २३ घनमीटर. जागेवर ओतायच्या पाइलला आयएस २९११ ह्या भारतीय मानकाप्रमाणे घनमीटरला किमान ४०० किलो सिमेंट धरतात. म्हणजे ९ टनांच्या वर, १८६ पोती. तीही नुसती जमिनीखाली, जोत्याच्या वरचं अजून सुरूच नाही. एक टन साध्या ओपीसी (राख न मिसळलेल्या) सिमेंटमागं जवळपास ८०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला अर्ध्याहून जास्त भट्टीच्या इंधनाचा नसतो, चुनखडी भाजताना दगडातूनच सुटतो. त्यामुळं भट्टी कितीही सुधारली तरी तेवढा सुटणारच. वाचवायचं असेल तर सिमेंट कमी लागेल असा पाया करणं, हाच मोठा मार्ग हातात राहतो.

आता काळ्या मातीचं. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आक्रसतं. हा खेळ वरच्या थरात चालतो, आपल्याकडं साधारण साडेतीन मीटरपर्यंत. त्याखाली ओलावा बारमाही बराचसा तसाच राहतो. भावाचं फुटिंग चार फुटांवर, म्हणजे बरोबर हलणाऱ्या थरात बसलं. एक कॉलम न्हाणीघराच्या पाण्याजवळ, दुसरा उन्हाच्या बाजूला. एक उचलला गेला, दुसरा खाली बसला, आणि मधली भिंत फाटली.

पाया ह्या थराच्या खाली नेला पाहिजे हे गुत्तेदाराचं बरोबर आहे. ३० फूट मात्र कुठून आलं? तुमच्या प्लॉटवर मुरूम १२ फुटांवर असेल, तर उरलेल्या १८ फुटांत तुम्ही फक्त पैसे आणि सिमेंट पुरताय. आणि ३० फुटांपर्यंत नुसती चिकणमातीच असेल, तर हिशोब वेगळाच. खड्डा घेतल्याशिवाय ह्यातलं एकही वाक्य खात्रीनं सांगता येत नाही.

दर फुटावर असला की खोली वाढण्यात गुत्तेदाराचा फायदा असतो. तो वाईट माणूस असेलच असं नाही. माती माहीत नसल्यामुळं त्याच्याही मनात भीती असते आणि भीतीपोटी तो दहा फूट वाढवतो. मराठवाड्यात सगळ्यात जास्त सिमेंट ह्या भीतीत जातं, हे मी पंधरा वर्षं बघतेय.

मांजराकाठ (मंगळवार, सकाळी ६:२०)

मास्तर, मी लातूरचा. ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. ताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे, मी जरा मागं जातो.

आपल्या जुन्या लोकांनी गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन नावांनी ओळखली. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. गावठाण उंचवट्यावर, पिढ्यान्‌पिढ्या भिंती पडून पडून पांढरट झालेल्या मातीवर. ती काळीसारखी फुगत नाही. वाडे तिथं उभे राहिले ते त्यामुळं. आता गावं वाढली, हमरस्त्याच्या कडेची काळी जमीन एनए झाली आणि आपण पिकाच्या रानात घरं बांधायला लागलो. खोल पायाची गरज तिथून निर्माण झाली. ज्यांना अजून प्लॉट घ्यायचाय त्यांना माझं सांगणं आहे, माळावरचा, मुरमाचा प्लॉट बघा. फुटामागं थोडे पैसे जास्त पडले तरी पायात वसूल होतात, आणि सुपीक काळी रानासाठी राहते.

दुसरं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. किल्लारीच्या भूकंपात मी मदतीला गेलो होतो. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं मातीचं ओझं. ते कोसळलं आणि माणसं झोपेत गाडली गेली. त्या आधी हा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २००२ च्या संहितेत तो झोन ३ मध्ये आला. म्हणून पायात काटकसर करताना एक गोष्ट कधी कापू नका, ती म्हणजे सगळे कॉलम एकमेकांना बांधणारा प्लिंथ बीम. पाइल कितीही चांगली असो, वर बांधणी नसेल तर हादऱ्यात प्रत्येक कॉलम आपापल्या वाटेनं जातो.

सिव्हिल_तिसरं_वर्ष (मंगळवार, दुपारी १:१५)

ताई, आम्हाला वर्गात अंडर-रीम्ड पाइल शिकवतात. रुडकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं) काळ्या मातीसाठीच ती पद्धत पुढं आणली, असं सांगितलं. मग प्रत्यक्षात आपल्याकडं ती इतकी कमी का दिसते? आणि ती खरंच कमी सिमेंटची आहे का?

मुरूम_ते_खडक (मंगळवार, रात्री १०:३०)

चांगला प्रश्न आहे, सविस्तर लिहिते.

अंडर-रीम्ड म्हणजे बारीक पाइल आणि बुडाशी फुगवटा. ३०० मिमीचा दांडा असेल तर फुगवटा साधारण अडीचपट, ७५० मिमीचा. हा फुगवटा हलणाऱ्या थराच्या खाली बसवायचा. वरची माती फुगून दांड्याला उचलायला लागते तेव्हा तो जहाजाच्या नांगरासारखा धरून ठेवतो. म्हणून सळई वरपासून खालपर्यंत अखंड लागते, कारण इथं पाइलवर ताण येतो. आणि भार घेताना हाच फुगवटा रुंद बूड देतो. साडेचार मीटर लांबीच्या अशा एका पाइलला काँक्रीट लागतं सुमारे ०.३९ घनमीटर. गुत्तेदाराच्या एका पाइलच्या काँक्रीटमध्ये अशा साडेतीन-पावणेचार होतात. भार जास्त असेल तिथं कॉलमखाली दोन टाकायच्या, तरी खूप वाचतं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या घराला, खाली खोलवर चिकणमातीच असेल तर, ह्याच्याइतका हिशोबी पाया मला दुसरा माहीत नाही.

कमी का दिसते? एक, फुगवटा डोळ्याला दिसत नाही, त्यामुळं मालकाचा विश्वास बसत नाही आणि लबाडीला वाव राहतो. दोन, मोठी रिग आली की माणसं हाताच्या ऑगरला (भोक पाडायच्या गिरमिटाला) हलकं समजतात. तीन, आणि हे खरं कारण आहे, मुरमात फुगवटा कापता येत नाही. अंडर-रीमरची पाती चिकणमातीत छत्रीसारखी उघडतात, मुरमात अडकतात. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीखाली लगेच मुरूम लागतो. तिथं फुगवट्याचा हट्ट करू नये, सरळ पाइल मुरमात मीटरभर घुसवावी.

प्लिंथ बीम जमिनीवर टेकवू नका. खाली साधारण ८० मिमीची मोकळी जागा ठेवा. मी बघितलेल्या भेगाळलेल्या घरांत निम्म्या वेळा पाइल ठणठणीत होती, पण बीम थेट काळ्या मातीवर ओतला होता. माती फुगली आणि तिनं बीमच वर ढकलला. सगळा खर्च वाया गेला.

गवंडी_अण्णा_जालना (बुधवार, सकाळी ७:००)

मास्तर, मी काही शिकलेला इंजिनेर नाही. पण तीस वर्षं झाली थापी हातात आहे म्हणून सांगायलोय.

ताई म्हणायलेत ती मोकळी जागा ठेवायची कशी, हे लोकाला कळत नसतंय. बीमच्या खाली रेती पसरून तिच्यावर कोरड्या विटा मांडायच्या, मसाला लावायचा नाही. त्यावर पन्नी टाकून बीम भरायचा. पंधरा दिवसांनी रेती उकरली की विटा आपोआप सुटून येतात. त्याच विटा वर भिंतीला चालतात. मग त्या फटीत उंदीर-साप जाऊ नये म्हणून बाहेरच्या अंगानं शहाबादी फरशी उभी रुतवायची. फरशी बीमला मसाल्यानं जोडायची नाही बरं का. जोडली की जमीन फुगल्यावर फरशीच बीमला उचलतीय. एका ठिकाणी असं झालेलं मी डोळ्यानं बघितलंय.

आणि अंडर-रीमची लबाडी धरायची असेल तर सोपं आहे. पाती उघडून फिरवताना बादलीत माती किती आली ते मोजा. फुगवटा झालाच नसेल तर माती येणार कुठून? शेजारी ढीग वेगळा लावायला सांगा.

गोदेचा_पूल (बुधवार, रात्री ९:५०)

मी नांदेड भागात पुलांच्या कामावर असतो. घराचं सोडून मोठ्या पाइलबद्दल थोडं लिहितो, कारण खरं सिमेंट तिथं जातं. एक मीटर, सव्वा मीटर व्यासाच्या पाइल, एकेका खांबाखाली चार-सहा.

भोक ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइटचा रगडा भरतात. बेंटोनाइट म्हणजे तरी काय, ताईंनी सांगितलेलं तेच माँटमोरिलोनाइट, निवडून आणलेलं. काम झाल्यावर हा रगडा टाकीत परत घेऊन, वाळू काढून पुन्हा वापरायचा असतो. पण घाईत तो ओढ्यात सोडून दिलेला मी बघितलाय. त्या ओढ्याच्या तळाला साबणासारखा थर बसला. बेंटोनाइट पाणी मुरू देत नाही, म्हणून तर तळ्याच्या अस्तराला वापरतात. ज्या भागात एकेका विहिरीचा झरा जपायचा, तिथं ओढ्याचा तळ असा लिंपून टाकायचा? शेजारच्या शेतकऱ्यानं येऊन विचारलं तेव्हा साइटवर कुणाकडंच उत्तर नव्हतं. मी तेव्हा नवा होतो, गप्प बसलो. ते अजून सलतं.

पुढं एका अनुभवी साहेबांच्या हाताखाली शिकलो की आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइट आणायचंच कारण नसतं. गाळाचा थर काही मीटरांचा, खाली बेसाल्ट. लोखंडी केसिंग (भोकाला आतून धरणारी नळी) खडकापर्यंत बसवलं की भोक उभं राहतं, काँक्रीट भरता भरता केसिंग वर काढून पुढच्या पाइलला वापरायचं.

दुसरं, पाइलचं डोकं. ट्रेमीनं (तळापर्यंत सोडलेल्या नळीनं) काँक्रीट खालून भरत आणतात, सगळ्यात वर घाण मिसळलेलं येतं. म्हणून ठरलेल्या पातळीच्या वर जास्तीचं ओतून नंतर फोडतात. एक मीटर व्यासाच्या पाइलला ६०० मिमी जास्तीचं म्हणजे ०.४७ घनमीटर, जवळपास चार पोती सिमेंट, ब्रेकरनं फोडायलाच ओतलेलं. ते लागतं, पण माणूस पातळी न मोजता मीटर-दीड मीटर वर घेऊन जातो. दोरीला वजन बांधून दर पाच मिनिटांनी पातळी घ्यायला लावली तर शंभर पाइलच्या कामात शेकडो पोती वाचतात. आणि फोडलेला मलबा आम्ही साइटच्या रस्त्याला सोलिंग म्हणून वापरतो, बाहेर टाकत नाही.

तिसरं म्हणजे चाचणी. पाइलवर भार देऊन बघितलं तर ती किती घेते ते कळतं. कामातल्या पाइलवर ठरलेल्या भाराच्या दीडपट, आणि सुरुवातीची वेगळी चाचणी असेल तर अडीचपट भार देतात. मोठ्या कामात सुरुवातीलाच अशी एक चाचणी घेतली आणि पाइल अपेक्षेपेक्षा भक्कम निघाली, तर बाकीच्या सगळ्यांची लांबी कमी करता येते. पण वेळापत्रक असं आखलेलं असतं की चाचणीचा निकाल येईपर्यंत निम्म्या पाइल भरून झालेल्या असतात. मग तो निकाल फक्त फायलीत जातो.

नदीबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोदावरीच्या पात्रातून पुलाजवळची वाळू उपसली की तळ खाली जातो आणि खांबाभोवतीची पकड सुटते. पुढच्या पुलाला मग आणखी खोल पाइल लागतात. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरा हो. नीट धुतलेली, चाळलेली असेल तर पाइलच्या काँक्रीटला उत्तम चालते, आणि बेसाल्ट तर आपल्याकडं पायाखालीच आहे.

सिव्हिल_तिसरं_वर्ष (बुधवार, रात्री ११:२०)

सर, खडक लागला की पाइल थांबवायची का मग? आणि साखर कारखान्याच्या बगॅसची राख सिमेंटमध्ये चालेल का? आमच्या गावाजवळ डोंगर साचलेत.

मुरूम_ते_खडक (गुरुवार, सकाळी ८:१०)

खडक लागला की लगेच थांबू नये. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरावर थर येऊन झालाय. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल गेरूसारखा मऊ पट्टा असतो. वर मीटर-दोन मीटर घट्ट पाषाण आणि खाली हा गेरू, अशी फसवणूक विहिरी खोदणाऱ्यांना चांगली ठाऊक असते. पुलासारख्या कामात खडकाच्या आत काही मीटर बोअर घेऊन गाभा बघायलाच हवा. घराच्या भाराला मात्र एवढी चिंता नसते. शेजारच्या विहिरीत डोकावून थर बघा. फुकटात मिळणारी ती सगळ्यात चांगली माहिती आहे.

बगॅसच्या राखेत सिलिका असते, पण अर्धवट जळलेला कोळसाही असतो. तो काँक्रीटमधलं पाणी आणि रसायन पिऊन टाकतो. पाइलमध्ये काँक्रीट पातळ, न तुटता वाहणारं हवं. खाली काय झालं ते नंतर बघता येत नाही. तिथं प्रयोग नको. ती राख विटा-ब्लॉकमध्ये वापरून बघा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुने फोडा, प्रकल्पाला छान विषय आहे.

पाइलला आज सरळ मिळणारा पर्याय म्हणजे पीपीसी. त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक केंद्राची राख असते, परळीसारख्या ठिकाणची. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) घातलेलं सिमेंट मिळालं तर आणखी चांगलं, त्यात ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग चालतो. तक्रार एकच असते, ताकद हळू येते. स्लॅबला ती अडचण आहे, कारण सेंट्रिंग अडकून पडतं. पाइलला कसली घाई? ती भरल्यावर घर तिच्या खांद्यावर यायला महिने जातात. तोवर ती जमिनीत ओलीच राहते आणि ताकद वाढतच जाते. चुनखडी आणि भाजलेल्या चिकणमातीच्या सिमेंटला २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक मिळालंय, आपल्या बाजारात ते सहज मिळायला लागलं की मी नक्की सुचवीन.

मांजराकाठ (गुरुवार, सकाळी ९:००)

ताईंच्या बोलण्यात पाण्याचाही मुद्दा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात बांधकामं बंदच होती. फुटिंगला, बीमला रोज पाणी मारावं लागतं. पाइल मातीच्या ओलीत आपोआप पिकते. टँकरचं पाणी मात्र तपासून घ्या, खोल बोअरच्या खाऱ्या पाण्यात क्लोराइड जास्त असलं की सळई आतून गंजते.

बालाघाटचा_शेतकरी (गुरुवार, रात्री ८:४५)

राम राम. मी बीड जिल्ह्यातला. तुमची चर्चा वाचून माझा प्रश्न मांडतो.

आमच्याकडं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनी भाड्यानं जायलेत. दिवसा वीज मिळंल, भाडं येईल, चांगलंच आहे. पण प्लेटा उभ्या करायला जमिनीत भोकं पाडून त्यात सिमेंट काँक्रीट भरतात आणि लोखंडी खांब रोवतात. एकरात शेकड्यानं. भाडेपट्टा संपल्यावर प्लेटा नेतील, पण जमिनीतले हे सिमेंटचे खुंटे कोण काढणार? माझ्या नातवाचा नांगर त्यात अडकणार का? करारात ह्याबद्दल एक ओळ नाही.

गोदेचा_पूल (गुरुवार, रात्री १०:१५)

काका, तुमचा प्रश्न ह्या सगळ्या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

३०० मिमी व्यासाचा, दीड मीटरचा एक खुंटा म्हणजे जवळपास अडीचशे किलो. तो हातानं निघत नाही, जेसीबी लागतो, आणि शेकडो काढायचे तर रान सगळं उकरलं जातं. ह्याला दोन पर्याय आहेत. एक, काँक्रीट न भरता लोखंडी खांबच यंत्रानं ठोकून बसवायचा. दुसरा स्क्रू पाइल, म्हणजे लोखंडी दांड्याला पाती असतात आणि तो जमिनीत पिळत नेतात. ही कल्पना जुनीच, इंग्लंडमध्ये १८३८ साली समुद्राच्या वाळूत दीपगृह उभं करायला अशा पाइल पिळल्या होत्या. दोन्ही उपसता येतात आणि लोखंड पुन्हा वितळवता येतं. अडचण अशी की गोट्यांच्या मुरमात स्क्रू शिरत नाही, तिथं आधी भोक पाडावं लागतं. आणि काळ्या मातीत दीड मीटरचा खांब दर पावसाळ्यात थोडा वर येतो, म्हणून खोली जास्त लागते, काँक्रीटच्या खुंट्यालाही लागते.

करारात लिहून घ्या: मुदत संपल्यावर जमिनीखाली किमान एक मीटरपर्यंत काही राहता कामा नये, काढायचा खर्च कंपनीचा, आणि त्याची अनामत आधी ठेवायची. सही व्हायच्या आधी वकिलाला दाखवा. सही झाल्यावर कुणी ऐकत नाही.

बालाघाटचा_शेतकरी (शुक्रवार, सकाळी ६:४०)

आमच्या गावातल्या चौघांच्या सह्या अजून व्हायच्यात. आजच त्यांच्याकडं जातो.

परभणीचा_मास्तर (पुढच्या आठवड्यात, मंगळवार, रात्री ९:१५)

मंडळी, सगळ्यांचं वाचून रविवारी जेसीबी बोलावला आणि प्लॉटच्या तीन कोपऱ्यांत खड्डे घेतले. काळी कधी ढासळेल सांगता येत नाही, म्हणून खड्ड्यात कुणालाही उतरू दिलं नाही, वरूनच टेप सोडून मोजलं.

पूर्वेच्या खड्ड्यात साडेचार फुटांवर मुरूम लागला. मधे आठ फुटांवर. पश्चिमेला बारा फुटांवर! आणि त्या खड्ड्यात तळाशी गोटे आणि राखाडी गाळ निघाला. मी बुचकळ्यात पडलो. शेजारच्या वस्तीवरच्या ऐंशी वर्षांच्या आजी बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इथून वढा जायचा बाबा, आम्ही ल्हान असताना. नंतर बुजवला त्यो." सातबारा बघितला, नकाशा बघितला, पण हे मला आजींकडून कळलं.

मातीचा नमुना इथल्या एका प्रयोगशाळेत दिला. दहा-दहा ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती दोन मोजपात्रांत टाकली, एकात पाणी, एकात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ते तुलनेला. दुसऱ्या दिवशी बघायला बोलावलं होतं. रॉकेलमधली ११ मिलिलीटरवर बसलेली, पाण्यातली २१ वर. म्हणजे ९१ टक्के फुगवटा. भावाला मुद्दाम बरोबर नेलं होतं. तो बराच वेळ ती दोन नळकांडी बघत राहिला. मग म्हणाला, "बारा वर्षं मी गवंड्याला दोष दिला."

ताई, आता काय करायचं?

मुरूम_ते_खडक (मंगळवार, रात्री ११:४०)

मास्तर, आजींना माझा नमस्कार सांगा. आणि खड्डे पाइलच्या जागा सोडून आहेत ना बघा, मुरमानं थर-थर ठोकून भरून घ्या.

खाली मुरूम आहे, म्हणजे फुगवट्याची गरज नाही. पण पूर्वेला उथळ फुटिंग आणि पश्चिमेला खोल पाइल असं मिश्रण मी ह्या घराला टाळीन. सगळे कॉलम एकाच मुरमावर, एकाच पद्धतीनं टेकले की बसतील तेही सारखेच. तुमच्या डिझायनरला दाखवा: ४०० मिमीची सरळ पाइल, प्रत्येक ठिकाणी मुरमात एक मीटर आत, सळई अखंड. पूर्वेला अडीच मीटरच्या आत भागेल, पश्चिमेला साडेचारच्या आसपास. ओढ्याच्या गाळात भोक ढासळलं तर छोटं केसिंग वापरा. आणि गुत्तेदाराशी करार बदला. मुरूम लागला की तुमचा माणूस बघून सही करेल, मगच मीटरभर पुढं.

परभणीचा_मास्तर (नऊ दिवसांनी, गुरुवार, रात्री १०:००)

डिझायनरनं आकडे तपासून मान्य केलं. मधल्या जड कॉलमखाली दोन-दोन धरून एकूण २० पाइल झाल्या. सगळी मिळून लांबी २३३ फूट, काँक्रीट ९ घनमीटरच्या आत, सिमेंट ७१ पोती, तेही पीपीसी. १८६ चे ७१. ओपीसीच्या हिशोबानं ताई म्हणतात तसं बघितलं, तर साडेचार टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही. हा आकडा उद्या नववीच्या फळ्यावर मांडणार आहे, वजाबाकीसकट.

गुत्तेदार आधी नाराज होता. मग दर फुटाला थोडा वाढवून दिला आणि मुरूम तपासायला त्यालाच बरोबर घेतलं. परवा तोच म्हणाला, पुढच्या साइटवरही आधी खड्डा घेऊन बघतो.

पाइलमधून निघालेली वरची काळी माती आमच्या शाळेच्या शिपायांनी त्यांच्या माळाच्या शेतात नेली, दोन ट्रॉल्या झाल्या. मुरूम पाणंदीच्या खड्ड्यांत टाकला.

आता बीमचं काम. अण्णा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रेती आणि विटा मांडायला सांगितलंय. फरशी किती खोल रुतवू?

गवंडी_अण्णा_जालना (शुक्रवार, सकाळी ६:५०)

नऊ इंच जमिनीत, अन् बीमच्या पुढून वर सहा इंच दिसू द्या, चिकटू देऊ नका. बीम भरायच्या दिवशी विटा ओल्या करू नका, नाहीतर सुटत नाहीत. आणि मास्तर, न्हाणीचं पाणी पश्चिमेला सोडू नका. वढा बुजवला तरी पाणी त्याची वाट विसरत नसतंय. नळी टाकून पूर्वेच्या अंगाला, घरापासून दहा फूट लांब काढा.